चालत आलेला

१

आठ महिने आशिया तुडवून मी मुलुंडच्या आमच्या घराची बेल वाजवली, तेव्हा आईने दार उघडून विचारलं, "दूध आणलंस?"

पाठीवर सॅक, गळ्यापर्यंत दाढी, पायात जावाच्या बाजारातल्या टायरच्या चपला. आणि दूध! मला हसूच आलं. आमच्या घराचं, आमच्या सोसायटीचं, अख्ख्या मुलुंड पूर्वेचं सार त्या दोन शब्दांत होतं.

"आई, मी सिंगापूरहून येतोय," मी म्हटलं.

तिची नजर माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यावर गेली. क्षणभर तिचा चेहरा कोरा झाला. मग ती बाजूला सरकली. "ये. चपला बाहेर काढ."

संपलं. डोळ्यांत पाणी नाही, देवापुढे साखर नाही. चहा मात्र लगेच झाला. आमच्याकडे कोणी मेलं तरी आधी चहाच होतो.

मी नंदकिशोर. समाजशास्त्रात एम.ए. झालो आणि त्याच जूनमध्ये निघालो. वर्गातली बाकीची मेंढरं बँकेच्या परीक्षांना बसली होती. मी कलकत्ता, काठमांडू, ब्रह्मदेश, थायलंड, मलाया, सुमात्रा, जावा असा फिरलो, आणि एकटा फिरलो, हे महत्त्वाचं. वाटेत गोऱ्या पोरांच्या टोळ्या भेटायच्या. सगळ्यांच्या हातात तेच एक गाइडबुक, सगळ्यांचा मुक्काम त्याच त्या लॉजमध्ये, आणि सगळ्यांना 'खरा आशिया' सापडलेला. त्यांचाही मला तिटकाराच होता. मी कोणाबरोबर दोन दिवसांच्या वर राहिलो नाही.

ही गोष्ट शहाऐंशीच्या फेब्रुवारी-मार्चमधली. आता मी अंधेरीला, मरोळच्या बाजूला एका खोलीत राहतो. मुलुंडला जात नाही. का जात नाही, ते सांगतो.

२

अण्णा म्हणजे माझे वडील. निवृत्त झाल्यापासून ते पुढच्या खोलीत वेताच्या खुर्चीत दोन्ही गुडघे धरून बसलेले असत. आई स्वयंपाकघरात. धाकटी बहीण उत्तरा कॉलेजात जाऊन-येऊन. मी वाट पाहत होतो, कोणीतरी विचारील, काय पाहिलंस रे? कोणी विचारलं नाही. चहात साखर बरी आहे का, एवढंच विचारलं. इतक्या संथ माणसांच्या पोटी मी कसा जन्मलो, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. आता खात्री पटली.

शेवटी एका संध्याकाळी मीच सुरुवात केली. "इरावतीवर बोटीने चाललो होतो. सुकाणूवर एक म्हातारा होता..."

"हां, तो फाटक्या टोपीवाला," अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "सांगितलंस की."

"मी कधी सांगितलं?"

"सांगितलंस रे."

पोस्टकार्डावर लिहिलं असेल, असं मी मनाशी म्हटलं. मी चार-दोन पोस्टकार्डं टाकली होती. त्यांवर हवेखेरीज काही लिहिल्याचं आठवत नव्हतं. पण माणूस लिहितो आणि विसरतो. मी पुढे रेटलं. "तर माझं हिंदी ऐकलं आणि तो म्हातारा जो हसायला लागला..."

"रडला," उत्तरा म्हणाली. ती जमिनीवर बसून तांदूळ निवडत होती.

"काय?"

"हसला नाही, रडला. लहानपणी त्याच्या शेजारी आपली माणसं राहायची. लढाईच्या वेळी ती सगळी चालत निघाली, त्यांचं पुढे काही कळलं नाही. तुझं हिंदी ऐकून त्याला ती आठवली." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "ते रडण्याचंच चांगलं आहे, दादा. हे हसण्याचं काय मध्येच?"

ते खरं होतं. बोटीवर त्या म्हाताऱ्याचं शेंबूड ओढत रडणं मला ओंगळ वाटलं होतं. पुढे गोऱ्या पोरांना सांगताना मी त्याला हसवला. गोष्ट चुरचुरीत व्हायची. इतक्या वेळा हसवला की मलाही तेच आठवायला लागलं होतं. रडलेला म्हातारा माझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नव्हता.

३

दुपारी जेवण झालं की मी बाहेर पडत असे. घरात बसणं अशक्य होतं. घाटकोपरला एका वाचनालयात पंख्याखाली बसायचो आणि दिवेलागणीला परतायचो. मी निघालो की आई दारापर्यंत यायची. तिला मी जाण्याचं दुःख होत असेल, असं मला तेव्हा वाटायचं.

असाच परतताना नाक्यावरच्या पानपट्टीशी जयवंतने गाठलं. जयवंत माझा शाळेतला मित्र. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत कुठल्याशा कारखान्यात सुपरवायझर झाला होता. खिशाला दोन पेनं, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि चेहऱ्यावर जग जिंकल्याचं समाधान.

"काय यार, काल काय रंगवलंस!" त्याने माझ्या पाठीत थाप मारली. "माझी तर टरकली."

"काल?"

"ती खोली रे. सुमात्राची. तुला ताप होता ती. तो दुसरा पलंग..."

माझ्या तोंडातली सुपारी तशीच राहिली.

सुमात्रात डोंगरावरच्या एका गावात मी तापाने पडलो होतो. गेस्टहाऊसची लाकडी खोली, दोन पलंग, एक माझा आणि एक रिकामा. ताप किती दिवस होता, आठवत नाही. कोणीतरी पाणी पाजत होतं, एवढं आठवतं. एके सकाळी शुद्धीवर आलो, तर रिकाम्या पलंगावरची चादर चुरगळलेली होती आणि उशीत डोक्याचा खोलगा होता. मालकीणबाईला विचारायलाही मी थांबलो नाही. सॅक उचलली आणि निघालो. बसमध्ये सारखं वाटत राहिलं, काहीतरी मागे राहिलं. सॅक दोनदा उपसून पाहिली. सगळं होतं.

हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच.

"काल दुपारी मी घाटकोपरला होतो," मी म्हटलं.

"चल, फेकू नको. मी फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर तुमच्याकडेच आलो ना! काकूंनी पोहे दिले. तू अण्णांचे पाय चोळत खाली बसलेलास." मग तो जरा ओशाळला. "पण एक बोलू? एकदा पण मान वर केली नाहीस. सगळा वेळ खाली बघून बोलत होतास. माझ्यावर राग-बीग आहे का तुझा?"

४

घरी आलो. अण्णांनी पायजमा मांडीपर्यंत दुमडला होता. गुडघे तेलाने चकाकत होते आणि खोलीत वाताच्या तेलाचा उग्र वास भरला होता.

"आज उतार आहे," ते म्हणाले. "तुझ्या हाताला वजन आलंय."

मी उभ्या जन्मात अण्णांच्या गुडघ्यांना हात लावला नव्हता. त्या सुरकुतल्या, निळ्या शिरांच्या पायांकडे मला बघवतसुद्धा नसे. नकळत मी माझे तळवे नाकाशी नेले. वाचनालयातल्या धुळीचा वास आला.

मी शिकलेला माणूस होतो. उत्तरं माझ्याकडे भरपूर होती. अण्णांचं वय झालंय, ते भ्रमिष्ट झालेत. जयवंत मुळात थापाड्या. उत्तराला माझी जिरवायची आहे. आणि आई तर कोणाच्याही होला हो म्हणणारी. चार माणसं मिळून स्वतःचीच समजूत घालतात, तशातला हा प्रकार. मी तापात बरळलो असेन, कोणी ऐकलं असेल, त्याने कोणाला सांगितलं असेल. सुमात्राहून मुलुंडला? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सॅक अडगळीत टाकावी म्हणून स्वयंपाकघराच्या माळ्यावर चढलो. जुन्या गादीच्या मागे हात घातला तर जाडसर कापड लागलं. ओढून बाहेर काढलं.

माझीच सॅक होती. म्हणजे माझी सॅक माझ्या दुसऱ्या हातात होती, आणि ही तीच होती. डाव्या पट्ट्याला काठमांडूत मी मारलेली निळ्या नायलॉनची गाठ. वरच्या खिशाची तुटलेली चेन. फक्त हिचा रंग पार उडाला होता आणि तळापासून तोंडापर्यंत पांढऱ्या रेघांवर रेघा उठल्या होत्या. पुन्हा पुन्हा भिजून वाळल्यासारख्या. मी बोट फिरवून जिभेला लावलं. मीठ.

खाली आई उभी होती. लाटणं हातात.

"आहे तिथे ठेव ते," ती म्हणाली. "त्याचं आहे."

मी 'कोणाचं' म्हणून विचारायच्या आत ती ओट्याकडे वळली होती.

५

उत्तरा गच्चीवर साबुदाण्याच्या पापड्या घालत होती. जुन्या साडीवर ओळीने पांढरे ठिपके, आणि ती उकिडवी बसून पुढे पुढे सरकत होती.

"दुपारी कोण येतं आपल्याकडे?"

"दादा येतो."

"दादा मी आहे, उत्तरा."

"हो," ती समजुतीने म्हणाली. "तू पण."

मी तिचा दंड धरला. डाव हातातून पडला. "नीट सांग. नाटकं नकोत."

"हात सोड आधी." मी सोडला. "दिवाळीत आला तो. भाऊबीजेच्या दिवशी. सॅक खाली ठेवली, अण्णांच्या पाया पडला. पाय बघवत नव्हते त्याचे. आई किती दिवस हळद भरत होती भेगांत. मग हळूहळू बोलायला लागला. रोज थोडं थोडं. आम्हाला काय माहीत? आम्हाला वाटलं तूच."

"आणि मी आलो तेव्हा?"

"तेव्हा तो नुकताच दूध आणायला खाली उतरलेला. बेल वाजली, आईला वाटलं तोच. बघते तर तू, सॅकसकट. त्या दिवशी आई जेवली नाही." ती पुन्हा पापडी घालायला लागली. "पण नंतर लक्षात आलं, तू दुपारी जातोस. तू गेलास की तो येतो, तू यायच्या आधी तो जातो. जमलं. दोन खोल्यांत अजून काय करणार, सांग."

जमलं! शेजाऱ्यांशी पाण्याच्या वेळा ठरवून घ्याव्यात, तसं ती सांगत होती. मला त्या घराची, त्या गच्चीची, त्या पापड्यांची किळस आली.

"आणि तुम्ही विचारलं नाहीत, तू कोण म्हणून?"

उत्तराने माझ्याकडे पाहिलं. "तो आमची विचारपूस करतो, दादा. अण्णांना झोप लागली का, माझा पेपर कसा गेला. तू आल्यापासून एकदा तरी विचारलंस?"

"तोंड पाहिलंस त्याचं?"

तिचा हात थांबला. "तो वर बघत नाही," ती म्हणाली. "आम्हीपण वाकून बघत नाही."

६

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी बाहेर पडलो नाही. पुढच्या खोलीत, दाराच्या समोर, स्टूल ओढून बसलो.

"आज वाचनालय नाही?" आईने विचारलं.

"नाही."

"जाऊन ये ना रे. घरात काय करणार बसून?"

अण्णांनी पायजमा दुमडून ठेवला होता. तेलाची बाटली खुर्चीच्या पायाशी होती. ते दाराकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा दाराकडे. शाळा सुटल्यावर न्यायला कोणी आलं नाही की पोरं बघतात तसं. पंखा कुरकुरत होता. खालच्या मजल्यावर कोणीतरी कपडे आपटत होतं, तेही थांबलं.

मग जिन्यावर पावलं वाजली. अनवाणी. दमलेल्या माणसाची, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत येणारी. आमच्या मजल्यावर आली. दारापाशी आली आणि थांबली.

बेल वाजली नाही.

दाराखालच्या फटीतून उजेड येत होता. त्या उजेडात दोन जागा काळ्या होत्या. आई भिंतीला टेकून उभी होती, पदर तोंडाशी. कोणी हललं नाही. मला वाटलं, मी उठेन, दार उघडेन, त्याची गचांडी धरेन. पण मी बसल्या जागेवरूनच ओरडलो, "चल, चालता हो इथून!"

आवाज चिरका आला. काळ्या जागा थोडा वेळ तशाच राहिल्या. मग फट पूर्ण उजळली. जाताना पावलं वाजली नाहीत.

धीर करून दार उघडलं, तर जिना मोकळा. दारासमोरची फरशी दोन ठिकाणी ओली होती.

मागे अण्णा रडायला लागले. तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. "हाकललंस त्याला," ते म्हणत होते, "माझ्या नंदूला हाकललंस."

अण्णा रात्री जेवले नाहीत, सकाळी चहा घेतला नाही. गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी स्वयंपाकघरात गेलो. आई कणीक मळत होती.

"मी की तो, ते आज ठरव," मी म्हटलं.

"असं विचारू नये."

"मी तुझा मुलगा आहे!"

"माहीत आहे मला. तुला मी ओळखत नाही होय?" तिने कणकेचा गोळा परातीत आपटला. "तू आलास त्याच दिवशी ओळखलं. आत पाऊल टाकलंस आणि सगळ्या घराकडे नाक मुरडून बघितलंस. म्हटलं, हाच आपला." ती जरा थांबली. "दुपारी जात जा, नंदू. एवढंच. बाकी घर तुझंच आहे."

७

दुपारी मी गेलो. आई दारापर्यंत आली. नाक्यापर्यंत गेलो, पानपट्टीच्या आडोशाला उभा राहिलो, आणि तासाभराने परत फिरलो.

चपला हातात घेऊन जिना चढलो. मार्चचा उकाडा, म्हणून दार उघडं होतं आणि फक्त पडदा ओढलेला. मी पडद्यापाशी पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला.

माझा आवाज. टेपवर ऐकू येतो तसा परका नव्हे. आपण बोलताना आपल्या कवटीत घुमतो तसा. बाहेरून तो मी कधी ऐकला नव्हता.

"...ताप माझ्या अंगात होता," आवाज सांगत होता. "तो मी त्याच्याकडून घेतला होता. पाणी त्याला पाजत होतो. मग सकाळी तो उठला, सॅक उचलली, आणि मला तिथेच ठेवून निघाला. मागे वळून पाहिलं नाही."

"अगंबाई," आई म्हणाली.

"मग रे?" उत्तरा.

"मग काय, मी चालत आलो."

"मध्ये समुद्र नाही का लागत?"

"लागतो ना."

तेलकट हात कातडीवर फिरण्याचा चपचप आवाज तेवढा येत होता. पडद्याच्या कडेला बोटभर फट होती. मी डोळा लावला.

अण्णा खुर्चीत मागे टेकून, डोळे मिटून बसले होते. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. त्यांच्या पायाशी, दाराकडे पाठ करून, कोणीतरी मांडी मोडून बसलं होतं. मानेवर माझे केस. पाठ माझी, पण शर्टाच्या आत फार थोडं होतं. त्याचे तळवे माझ्या बाजूला वळलेले होते. तळवे म्हणायचं, पण त्यांना तळ उरलाच नव्हता. चालून चालून झिजले होते, टाचेपासून बोटांपर्यंत, आतपर्यंत, आणि जे उरलं होतं त्यावर कोणीतरी मायेने हळद थापली होती.

माझ्या हातातली एक चप्पल निसटली.

हात थांबले. त्याने मान वळवली नाही. आणखी खाली घातली.

"आई," तो हळूच म्हणाला, "दारात कोणीतरी आहे."

आईने वर पाहिलं. पडद्याच्या फटीत, सरळ माझ्या डोळ्यात. तिने मला पाहिलं, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका आली नाही. ती उठली, दारापाशी आली. पडदा तिने बाजूला केला नाही. पडद्याच्या कडेने हात घालून दाराची कड चाचपली. मी नुसतं 'आई' म्हटलं असतं, तरी चाललं असतं बहुतेक.

"कोणी नाही रे बाळा," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. आतून कडी सरकली. "तू सांग पुढे."